टाच

होर्तोबाजच्या माळावरून ती आली
ट्रेलरमध्ये, आईच्या पोटाला चिकटून,
साडेतीन महिन्यांची, काळीभोर,
पुढचा डावा पाय नुसत्या टोकावर टेकलेला;
जणू झोपलेल्या घरातून
कुणी चवड्यांवर बाहेर पडतंय.

टाच जमिनीपासून दोन बोटं वर.
"नखरेल आहे," म्हातारा आम्ब्रुश म्हणाला.
कुणी हसलं नाही, तेव्हा त्याने टोपी काढली.

मी समजावलं.
हाड भराभर वाढलं, त्यामागची दोरी मागे राहिली.
गुडघ्याखाली आत एक बंध असतो,
त्या दोरीला धरून ठेवणारा.
तुम्ही लगाम घालाल तिसऱ्या वर्षी,
हिला तो पोटातच घातलाय.
तो कापायचा.

"कापून पाय लांब होतो?"
होतो.
"खायला काय घालता?" मी विचारलं.
"आईचं दूध. बस."
त्याच्या कोटाच्या खिशातून
ओटचे दाणे फरशीवर गळत होते,
एकेक.
मला ते दिसले.
मला दिसले हे त्यालाही दिसलं.

संमतीच्या कागदावर सही करताना
त्याने पेन मुठीत धरलं, सुरीसारखं.
अनामिका तळहातात मुडपलेली, घट्ट.
किती वर्षं?
"बारा."
हेही सरळ होतं, म्हटलं, डेब्रेत्सेनला एक बाई करतात.
"नको. याच बोटात लगाम अडकतो माझा."

टेबलावर घोड्याचं पोर फार लांब दिसतं,
नुसते पायच पाय, मधे थोडंसं अंग.
केस भादरले तर खाली करडी कातडी,
मऊ, अजून कुणाची नजर न लागलेली.
झोंबोर श्वास मोजत होता,
आधी मोठ्याने, मग ओठांत.

कंडरा पांढरी असते, ओल्या रेशमासारखी चमकते;
तिला हळूच बाजूला सारायचं,
तिच्याखालचा बंध चिमट्यावर उचलायचा,
दोनदा खात्री करायची की हा तोच.
आणि मग.
त्याला आवाज असतो, थोडासा.
शिकवताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
मीही झोंबोरला सांगितलं नाही.
टोकं एकमेकांपासून सरली,
मधे करंगळीचं पेर मावेल एवढी फट,
आणि इतका वेळ अडून बसलेला खूर
माझ्या हातात पुढे आला,
मुकाट.

बाहेर घोडी ट्रेलरच्या दाराला लाथा घालत होती.

टाके, पट्टी, खुराच्या पुढे चिकटवलेली पट्टी,
चालताना टाचेने खाली यावं म्हणून.
मग मी दुसरी गोष्ट सांगितली:
आजपासून दूध बंद. दाणाही.
आईला परत घेऊन जा.
"दोन्ही एकाच दिवशी?"
माझ्याकडे याहून बरं उत्तर नव्हतं.

घोडी गेली, मुलगा घेऊन गेला तिला.
आम्ब्रुश राहिला, न विचारता,
तबेल्यातल्या उलट्या बादलीवर.
रात्री पोर ओरडायचं, तो काहीतरी बोलायचा,
हंगेरियनही नव्हतं ते,
जिभेने टाळूला केलेला नुसता टकटकाट.
सकाळ-संध्याकाळ दहा दहा मिनिटं चालवायचं, मी सांगितलेलं.
तो बारा चालवायचा.

नवव्या दिवशी पाऊस पडून गेला होता.
विहिरीजवळच्या चिखलातून ती गेली
अवघडत, मान खाली घालून,
पाऊल टाकावं की नाही असं दरवेळी ठरवत.
आम्ब्रुशने तिच्याकडे पाहिलंच नाही.
तो गुडघ्यांवर बसला, कष्टाने,
आणि चिखलातला ठसा बघत राहिला:
पुढून खोल, मागे उथळ,
पण मागेही. मागेही होता.
मुडपलेल्या बोटाने त्याने त्याची कड गिरवली,
जशी लहानपणी अक्षरं गिरवतात.

मग उठला.
पोर त्याच्या कोटाला नाक घासत होतं,
उजव्या बाजूला, जिथे खिसा आहे.
हात खिशात होता त्याचा.
मी खिडकीतून बघत होते.
हात बराच वेळ
आतच राहिला.